त्रेसष्ट धोक्यांचं घर

अनुपमाचा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज वैभवीने तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा तिच्या लक्षात राहिलं ते फक्त शेवटचं वाक्य. त्याआधीच्या पावणेसात मिनिटांत जर्दाळूच्या झाडाचं वर्णन होतं, छपराचं होतं, आणि लुकने स्वतःच्या हातांनी बसवलेल्या, त्यामुळेच आजवर एकदाही नीट बंद न झालेल्या दाराचं होतं. शेवटी अनुपमा म्हणाली होती, "या उन्हाळ्यात ये. नाही आलीस तर पुढच्या वर्षी मी विचारणार नाही. रागावून नाही गं. दर वर्षी तुझं 'बघते' ऐकून आता मलाच विचारायची लाज वाटायला लागलीय."

अनुपमा म्हणजे पुण्याच्या हॉस्टेलमधली वैभवीची चार वर्षांची रूममेट. तिने लुक नावाच्या फ्रेंच माणसाशी लग्न केलं आणि दोघांनी फ्रान्सच्या कुठल्याशा डोंगराळ भागात, एकशेबारा लोकवस्तीच्या गावात, दोनशे वर्षांचं एक पडीक शेतघर विकत घेतलं. गेली पाच वर्षं दोघं ते हातांनी दुरुस्त करत होते. तिच्या आईचे गुडघे दुखत होते, भावाला रजा नव्हती, आणि वडिलांनी तर लग्नापासून अबोलाच धरला होता. थोडक्यात, माहेरचं म्हणावं असं एकही माणूस अजून त्या घराचा उंबरा ओलांडून आत गेलेलं नव्हतं. ती जागा अनुपमाने वैभवीसाठी राखून ठेवली होती.

आणि वैभवी जात नव्हती. पहिल्या वर्षी ईरा पोटात होती, डॉक्टरांनी विमान नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या वर्षी लसी होत्या. तिसऱ्या वर्षी खोकला होता. चौथ्या वर्षी काहीच नव्हतं, म्हणून ती नुसतं 'बघते' म्हणाली होती.

तिला काळजीखोर म्हणणं अन्यायाचं होईल. काळजी सगळ्याच आया करतात. वैभवी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. होती, एवढाच फरक. इतर आयांना जंतू नुसते जंतू म्हणून ठाऊक असतात, वैभवीला त्यांची आडनावंही पाठ होती. आमिरातीतल्या अल बर्शा भागात, सातव्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत द्राक्षाचे चार तुकडे होत, टेबलाच्या कोपऱ्यांना फोमच्या टोप्या होत्या, आणि चार वर्षांची होऊ घातलेली ईरा मातीला 'ब्राउन सँड' म्हणत असे, कारण तिने खरी माती पाहिली होती ती फक्त मॉलमधल्या कुंड्यांत, तीही हात मागे बांधून.

पण या मेसेजवर रात्रभर विचार करून सकाळी वैभवीने निरोप टाकला: "येतेय."

आणि मग बिल्डिंगला कळलं.

बिल्डिंगला कळवायचं तिच्या मनात नव्हतं. पण लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे दत्तप्रसादकाका भेटले, आणि लिफ्ट तळमजल्यावर पोचेपर्यंत त्यांनी तिच्या तोंडून ते काढून घेतलं. काका एका मोठ्या कंपनीत अकाउंट्सला होते आणि त्यांनी 'युरोप केलं' होतं. अकरा दिवस, सात देश, शुद्ध शाकाहारी.

"फ्रान्समध्ये खेडी असतात?" काकांनी भुवया उंचावल्या. "आम्हाला नाही दिसली."

"असतील ना काका. शेती असते म्हणजे..."

"बसमधून तर नाही दिसली," काकांनी निकाल दिला. "बरं, थेपले घे. पासपोर्ट कमरेला बांध. आणि लहान मुलीला घेऊन एकटी जातेयस? अंकुर नाही येत?"

अंकुर येणार नव्हता. तो फुजैराच्या तेलटाक्यांच्या टर्मिनलवर एका कंत्राटी कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता. सोमवारी पहाटे जायचा, शुक्रवारी दुपारी यायचा, आणि जुलैमध्ये तिथे शटडाऊन, म्हणजे टाक्या बंद ठेवून करायची मोठी दुरुस्ती, होतं. शटडाऊनमध्ये सेफ्टी ऑफिसरने रजा मागणं म्हणजे मुंजीत बटूनेच रजा मागण्यासारखं होतं.

त्यामुळे एक एनओसीही लागणार होती. आमिरातीत राहणाऱ्या माणसाला एनओसी नवीन नसते. घर बदलायला एनओसी, पार्किंगला एनओसी, कधीकधी वाटतं शिंकायलाही लागत असेल. पण नऊ महिने (खरं तर सातच) पोटात बाळगलेल्या मुलीला सोबत न्यायला नवऱ्याकडून 'माझी हरकत नाही' असं लिहून घ्यायचं, हे वैभवीच्या फार जिव्हारी लागलं. त्यात अंकुरने ते पत्र इतक्या मन लावून लिहिलं, की शेवटी 'वरील काम सुरक्षितपणे पार पाडण्याची जबाबदारी सौ. वैभवी यांची राहील' असंही एक कलम घातलं.

"हे काम आहे?" वैभवीने विचारलं.

"फॉरमॅट तसा आहे," अंकुर म्हणाला. "बरं, तू दोन रात्री झोपलेली नाहीस. काय होतंय?"

काय होतंय ते वैभवीने सांगायला सुरुवात केली. तिथे विहीर आहे. जिना लाकडी आहे, त्याला कठडा असेल का? कोंबड्या आहेत, त्यांची तपासणी कोण करतं? चुलीसारखी मोठी फायरप्लेस आहे. दवाखाना किती लांब आहे? दाराशी लॅव्हेंडर आहे म्हणजे मधमाश्या आहेत, आणि ईराला मधमाशी चालते की नाही हे माहीत नाही, कारण आजवर मधमाशीच भेटलेली नाही!

अंकुरने शांतपणे लॅपटॉप उघडला. "हे बघ, साइटवर आम्ही काय करतो? घाबरत नाही. लिहून काढतो. एकदा लिहिलं की भीती कागदावर जाते, डोक्यात राहत नाही." आणि त्याने कंपनीचा रिस्क असेसमेंटचा, म्हणजे धोके मोजायचा, एक्सेलमधला इंग्रजी तक्ता तिला काढून दिला. त्यात रकाने होते: धोका, धोक्याची पातळी, उपाय, जबाबदार व्यक्ती, मुदत. पातळी 'हाय' टाकली की चौकट आपोआप लाल व्हायची.

नवऱ्याने आजवर दिलेल्या सगळ्या भेटवस्तूंमध्ये वैभवीला ही सर्वात आवडली असं म्हटलं तर अंकुरला वाईट वाटेल, पण ते खरं होतं. दोन दुपारी ईरा झोपल्यावर ती बसली आणि तिने त्रेसष्ट ओळी भरल्या. रकाने रिकामे ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. विहीर: हाय. उपाय: कुलूपबंद झाकण. जबाबदार व्यक्ती: अनुपमा. मुदत: २८ जून. कोंबड्या: हाय. उपाय: हटवणे किंवा वेगळं ठेवणे. जबाबदार व्यक्ती: लुक. मधमाश्या, ओळ सदतिसावी: हाय. उपाय: फुलझाडं काढणे. सगळी पानं लालभडक झाली, आणि वैभवीला खरोखर शांत झोप लागली. हे कुणाला पाठवायचं नव्हतंच. एखादी बाई डायरी लिहिते, तसं ते होतं. फक्त वर 'साइट: अनुपमाचं घर' असं लिहिलं होतं.

तिने त्याची एक प्रत छापली, ती समोरच्या फ्लॅटमधल्या जहांआराभाभींना दाखवायला. जहांआराभाभी दापोलीकडच्या. त्यांच्या हातचं सांदण खाल्ल्याशिवाय ईराचा एकही वाढदिवस झालेला नव्हता. त्यांनी चष्मा लावून तीन ओळी वाचल्या आणि चष्मा काढून ठेवला.

"काय गो हे? विहिरीला कुलूप?"

"भाभी, ती लहान आहे."

"आम्ही नऊ भावंडं विहिरीच्या काठावर वाढलो. एक तरी पडला का?" भाभींनी क्षणभर आठवून पाहिलं. "मुनीर पडला होता. पण त्याला काढला ना लगेच! आता बहारीनमध्ये मॅनेजर आहे."

यातून नेमका काय बोध घ्यायचा ते वैभवीला ठरवता आलं नाही. तिने ती पानं परत प्रवासाच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवली. इथेच तिच्याकडून चूक झाली, पण ती कळायला अजून अवकाश होता.

कारण आता कागदपत्रांचा विषय निघाला होता. फ्रान्समध्ये कुणाच्या घरी राहायला जायचं तर यजमानाला आपल्या गावच्या सरकारी कचेरीतून एक दाखला काढावा लागतो. ही कचेरी चालवतो तिथला मेयर, म्हणजे आपला सरपंचच. अनुपमाच्या गावचा सरपंच गाई पाळायचा, त्यामुळे कचेरी मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी दोन ते पाच एवढीच उघडी असे, तीही गवत कापायचे दिवस नसतील तर. पाहुण्यांचे पासपोर्ट, विमानाच्या तारखा, एनओसी, सगळं गुरुवारपर्यंत ईमेलने हवं होतं.

"दे इकडे," जहांआराभाभींचे मिस्टर अजीजभाई दारातून आत येत म्हणाले. त्यांचं उम्म अल कुवैनला मासेमारीच्या जाळ्यांचं आणि दोरखंडांचं दुकान होतं, आणि तिथे जायला ते निघालेच होते. "माझ्या दुकानात असला स्कॅनर आहे, शंभर पानं एका टायमाला गिळतो. ईमेल लिहून दे. दहा वाजता फ्रान्स! यल्ला, दे लवकर."

वैभवीने आभार मानून अख्खी फाइल दिली.

आता अजीजभाईंच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे. पस्तीस वर्षं या देशात काढलेल्या माणसाची एका गोष्टीवर श्रद्धा असते, ती म्हणजे शिक्का. शिक्का नसलेला कागद त्यांना उघडाबोडका वाटे. दुकानात बसून त्यांनी फाइलमधली एकोणीस पानं पाहिली. त्यातली लाल चौकटींची पानं त्यांना सर्वात महत्त्वाची दिसली, आणि त्यांवर कुणाचीच सही नव्हती, शिक्का नव्हता! पोरीचं काम अडायला नको म्हणून त्यांनी आपल्या दुकानाचा गोल निळा शिक्का काढला. वरती अरबी, खाली इंग्रजी, मध्ये नांगर. एकोणीसच्या एकोणीस पानांवर त्यांनी तो जीव ओतून मारला आणि सगळं स्कॅन करून फ्रान्सला पाठवलं.

"खलास!" संध्याकाळी ते म्हणाले. "स्टॅम्प पण मारून टाकला. आता इन्शाल्ला कोण अडवतो बघू."

"कशावर स्टॅम्प?" वैभवीने विचारलं. आणि फाइल उघडली तर पहिल्याच लाल पानावर निळा नांगर होता.

तोवर तिकडे अनुपमा कचेरीत पोचलीही होती. पाच वाजायला दहा मिनिटं होती, म्हणून न वाचता एकोणीस पानं छापून तिने सरपंचासमोर ठेवली होती. सरपंच सत्तरीचे, चष्मा नाकावर ओढून अक्षर न् अक्षर वाचणारे. पासपोर्ट वाचले, एनओसी वाचली. मग अरबी शिक्क्याची, नांगराच्या चिन्हाची, लाल चौकटींची पानं आली. गाव स्थापन झाल्यापासून त्या कचेरीत परदेशी सरकारचा कागद आला नव्हता. त्यांनी घसा खाकरला आणि अडखळत्या इंग्रजीत मोठ्याने वाचलं: जबाबदार व्यक्ती, मादाम अनुपमा. मुदत, अठ्ठावीस जून.

हे वैभवीला नंतर कळलं. त्या दिवशी कळला तो फक्त अनुपमाचा लेखी निरोप: "दाखला कुरियरने पाठवतेय. यादी मिळाली. वेळेत होईल."

बस. सात-सात मिनिटं बोलणाऱ्या बाईची तीन वाक्यं.

वैभवीने फोन केला. "कामात आहे, नंतर करते." परत केला. वाजत राहिला. तिने चार वेळा लांबलचक माफी टाइप केली आणि चारही वेळा पुसली, कारण दर वेळी ती 'मी ते तुला पाठवायला लिहिलंच नव्हतं' या वाक्यापाशी यायची, आणि ते वाक्य वाचलं की आणखीच वाईट वाटायचं. म्हणजे पाठीमागे लिहिलं होतं.

"जाऊ नकोच मग," अजीजभाई कळवळून म्हणाले. त्यांनी दोन दिवस वैभवीकडे वर मान करून पाहिलं नव्हतं. "मी लिहितो ना तिला. माझ्या लेटरहेडवर."

"तुम्ही आता काही लिहू नका," जहांआराभाभी म्हणाल्या.

दत्तप्रसादकाकांचं मत होतं की हा प्रवास रद्द करून टूरबरोबरच जावं, कारण टूरवाल्यांच्या भावना दुखावत नाहीत. वैभवीही तिकीट रद्द करण्याच्या पानापर्यंत जाऊन आली होती. अंकुर फुजैराहून फोनवर सगळं ऐकत होता. मागे कुठलासा भोंगा वाजत होता.

"वैभवी," तो म्हणाला, "आत्ता नाही गेलीस तर त्या यादीतलं सगळं तुला खरंच म्हणायचं होतं, असं होईल."

सेफ्टी ऑफिसरकडून हे ऐकल्यावर तिने ते पान बंद केलं.

व्हिसाच्या खिडकीवर आणखी एक प्रकार घडला. अनुपमाने पाठवलेल्या दाखल्याला सरपंचांनी स्वतःहून एक जोडपत्र लावलं होतं: त्रेसष्ट ओळी, प्रत्येकीपुढे 'मुदतीत पूर्तता होईल' आणि सही. खिडकीतल्या मुलीने ते उलटंपालटं केलं, नांगर पाहिला, आणि उठून उभी राहिली. "मॅडम, तुम्ही सरकारतर्फे जाताय का?" वैभवी "नाही, मैत्रिणीकडे," म्हणाली, पण तिच्या आवाजात इतका अपराधीपणा होता की मुलीला तो गोपनीयतेचा भाग वाटला असावा. व्हिसा सहाव्या दिवशी हातात आला. आयुष्यात पहिल्यांदा वैभवीला वाटलं, एखादा कागद कमी पडला असता तर बरं झालं असतं.

मॉलमधून ईराला घोट्यापर्यंत येणारे बूट घेतले. दोनशे दिरहम, म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये, असं तिने काउंटरवरच मोठ्याने म्हटलं, आणि मागची केरळी बाई सहानुभूतीने "हो ना," म्हणाली. बॅगेत औषधांचा एक डबा, चकल्यांचे दोन, आणि अनुपमाला आवडते म्हणून शेंगदाण्याची सुकी चटणी. बॅग बंद करताना वैभवीच्या मनात आलं की मैत्रीण रागावली असताना चटणी नेणं शोभतं का. मग तिने आणखी एक पाव किलो भरली.

विमानतळावर लुक घ्यायला आला होता. उंच, अवघडलेला, गोड माणूस. अनुपमाकडून घरदुरुस्तीच्या काळात शिकलेला एकच मराठी शब्द त्याला पक्का येत होता आणि तो प्रत्येक ठिकाणी वापरत होता. "सावकाश," तो गाडीचं दार उघडताना म्हणाला. "सावकाश," तो ईराचा पट्टा लावताना म्हणाला. दोन तास डोंगर, गाई, हिरवळ गेली, आणि तो ताशी तीसच्या वर एकदाही गेला नाही. मागून ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते. तेव्हा वैभवीला आठवलं, ओळ बाविसावी: वाहनाचा वेग.

घर दिसलं. हातभर जाडीच्या दगडी भिंती, उतरतं काळं छप्पर, जर्दाळूचं झाड. आणि सगळ्याला नारिंगी जाळी. विहिरीभोवती जाळी, लाकडांच्या ढिगाभोवती जाळी, तळ्याभोवती दुहेरी जाळी. अंगणातल्या बाकाच्या कोपऱ्यांना फोम. कोंबड्यांचं खुराडं रिकामं. आणि दाराच्या दोन्ही बाजूंना, जिथे फोटोत जांभळा लॅव्हेंडर असे, तिथे जमिनीसपाट कापलेली खुंटं.

दारात सरपंच उभे होते. अंगावर तीन रंगांचा पट्टा, मागे पंचायतीचे चार सभासद, आणि एका थाळीत केक. त्यांनी छोटं भाषण केलं. लुकने इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, दोनशे वर्षांत या घराची इतकी विचारपूस कुणी केली नव्हती. गावाला अभिमान वाटतो. आता इथे, पूर्ततेच्या कागदावर, सही करा."

वैभवीने सही केली. पाच माणसांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षेत कॉपी करून पहिलं आलेल्या मुलाला बक्षीस घेताना जसं वाटत असेल, तसं तिला वाटत होतं.

अनुपमा शेवटी पुढे आली. केस बारीक कापलेले, नखांत चुना. "ये," ती म्हणाली. "प्रवास बरा झाला ना? पाणी देऊ? चहा घेशील ना?"

चार वर्षं एका ताटात जेवलेल्या, एकमेकींच्या ओढण्या न विचारता नेलेल्या बाईने 'चहा घेशील ना' विचारावं! एखादी शिवी हासडली असती तर वैभवी तिथेच मोकळी झाली असती. पण अनुपमा अतिशय नीट वागत होती. खोली दाखवली, स्वच्छ चादरी दाखवल्या, दवाखान्याचा नंबर भिंतीवर लावलेला दाखवला. जिन्याला नवा कठडा होता. "लुकने केलाय. चोवीस तारखेपर्यंत झाला." जेवताना द्राक्षं आली. प्रत्येकाचे चार तुकडे. वैभवीने तीनदा बोलायला तोंड उघडलं आणि तीनही वेळा अनुपमाने "आणखी वाढू?" विचारलं.

सकाळी वैभवीला जाग आली तेव्हा ऊन खोलीभर आलं होतं आणि शेजारची गादी रिकामी होती.

पुढच्या दहा सेकंदांत तिच्या डोक्यातून त्रेसष्टच्या त्रेसष्ट ओळी धावून गेल्या. ती गाऊनवरच जिना उतरली, कठडा न धरता, स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात आली. तिथे पाण्याचा नळ होता आणि नळाखाली चिखलाचं एक मोठं, काळंभोर, चमकतं डबकं. त्याच्या मधोमध ईरा उभी होती. अनवाणी. गुडघ्यापर्यंत चिखलात.

"Mamma, look! It's so squishy!"

तिच्याजवळ अनुपमा उकिडवी बसली होती, हात कोपरापर्यंत माखलेले. वैभवीला पाहताच ती ताडकन उठली.

"सॉरी, सॉरी," ती भराभर म्हणाली. "दोनच मिनिटं झाली. ती खाली आली, मला वाटलं तुला झोपू द्यावं... मी पाय धुऊन आत आणतच होते. इथे टोकदार काही नाही, मी आधी हाताने चाचपून बघितलंय सगळं. खरंच."

आणि तिने माखलेले हात पाठीमागे लपवले.

ही अनुपमा. रेक्टरबाईंच्या तोंडावर 'मला पटत नाही' म्हणणारी. बापाला न जुमानता सात समुद्र ओलांडून आलेली, भिंती स्वतः रचणारी. ती आपल्या स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या चिखलात, वैभवीला घाबरून उभी होती. वैभवीने आयुष्यात असंख्य गोष्टींची भीती बाळगली होती, पण तिची भीती कुणाला वाटेल, हे तिच्या कुठल्याही यादीत नव्हतं.

तिने सपाता काढल्या आणि चिखलात पाय टाकला. पहिलं पाऊल ठीक पडलं. दुसऱ्याला ती घसरली आणि पसरट, मोठा, अत्यंत अशोभनीय आवाज करत खाली बसली.

"लागलं का?" अनुपमा ओरडली.

"नाही."

"खरं सांग."

"मानाला लागलं. बाकी सगळं मऊ आहे."

ईरा हसून हसून वाकली. अनुपमाचे ओठ हलले, पण ती हसली नाही. ती हळूच नळाच्या कट्ट्यावर टेकली.

"मी मूर्खासारखी वाट बघत होते," ती म्हणाली. "कुणीतरी घरचं येईल, हे घर बघेल आणि म्हणेल, अने, काय सुंदर केलंयस! आणि त्या कचेरीत तो म्हातारा वाचत सुटला. हाय, हाय, हाय. माझ्या घराच्या सगळ्या ओळी लाल."

"मी पाठवलं नव्हतं गं. अजीजभाईंनी..."

"पण लिहिलंस तूच ना?"

सोपं होतं अजीजभाईंवर ढकलणं. ते तर लेटरहेडवर कबुलीही द्यायला तयार होते. वैभवीने चिखलात बोटं रुतवली.

"हो. मीच लिहिलं."

नळ ठिबकत होता.

"ईरा सातव्यात झाली," वैभवी म्हणाली. "चौतीस दिवस त्या काचेच्या पेटीत होती. मी बाहेर बसून तिच्या मशीनचे आकडे वहीत लिहायचे. नर्स म्हणायची, मॅडम, मशीन लिहितंय, तुम्ही कशाला लिहिता? पण मला वाटायचं, मी लिहायची थांबले तर... तिला घरी आणलं, तरी ते थांबलंच नाही. विहीर दिसली, लिही. कोंबडी दिसली, लिही. तुझं घर मी बघितलंच नव्हतं अने, तेव्हाही बघत नव्हते. मी आकडे बघत होते."

"चौतीस दिवस?" अनुपमा म्हणाली. "तू मला 'थोडे दिवस ठेवलंय' एवढंच सांगितलंस."

"सांगायला लागले की रडायला येतं. एक्सेलमध्ये नाही येत."

अनुपमाने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या गळ्यातून एक विचित्र आवाज आला, तो हसण्याचा होता की दुसरा कसला, ते तिलाही कळलं नसावं. ती कट्ट्यावरून उतरली आणि सरळ चिखलात येऊन वैभवीच्या शेजारी बसली. तिचा खांदा वैभवीच्या खांद्याला लागला. त्या दोघींकडे बघून ईराला हे आता सगळ्यांनाच चालतं असा स्पष्ट संदेश मिळाला, आणि तिने दोन्ही मुठी भरून आईच्या डोक्यावर रिकाम्या केल्या.

"लॅव्हेंडर परत येतं का?" थोड्या वेळाने वैभवीने विचारलं. तिच्या कपाळावरून काहीतरी गार ओघळत होतं.

"येतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत."

"मग पुढच्या उन्हाळ्यात मला विचारशील? यायचं का म्हणून?"

अनुपमाने तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. तिने नाक पुसलं, त्यामुळे नाकालाही चिखल लागला.

"आधी या वर्षीचे पाय तर धू," ती म्हणाली.

पण दोघीही उठल्या नाहीत.